गुप्तहेराचे पाय

दहिसरच्या सुगंधाताईंनी चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगितली, आणि चाळीस वर्षं त्यांची धाकटी जाऊ सुनंदा ती ऐकून पदरात तोंड खुपसून हसली. गोष्ट अशी, की शहाऐंशी साली टीव्हीवर जो हेरगिरीचा सिनेमा लागला होता, त्यात पत्र्यावरून अनवाणी चालत जाणारे पाय हिरोचे नव्हेतच; ते सुगंधाताईंचे.

शूटिंग त्यांच्याच चाळीत झालं होतं. शत्रूचा वायरलेस म्हणजे सासूबाईंचा रेडिओ, त्यावर लोणच्याच्या बरणीचं झाकण. सीन रात्रीचा, पण काढला मे महिन्यात भर दुपारी, कॅमेऱ्याला निळी काच लावून. हिरोने पत्र्यावर एक पाऊल टाकलं नि बोंबलत खाली उतरला. तेव्हा कोकणातल्या कातळावर अनवाणी वाढलेली ही नवी सून पुढे झाली. पायही चांगले नऊ नंबरचे, लग्न ठरताना त्यावरून केवढी कुजबुज झालेली! हिरोची काळी विजार चढवून ती पत्र्यावरून भराभरा चालत गेली.

"वहिनी, तुम्ही आणि विजार?" सुनंदा म्हणायची. "सासूबाईंनी घरात घेतलं असतं होय?"

"त्या रेडिओ सांभाळत बसल्या होत्या गं."

नवरा, जयवंतभाऊ, तेव्हा कंपनीत पाळीवर; सुनंदा तर अजून लग्न होऊन यायचीच होती. चाळीतली माणसं केव्हाच पांगलेली. घरातल्या साक्षीदार एकट्या सासूबाई, आणि त्या तर कधीच देवाघरी गेल्या.

गेल्या रविवारी दुपारी सून श्वेताला तो सिनेमा इंटरनेटवर सापडला. सुनंदा कांजूरमार्गहून खास आली, तमाशाला यावं तशी शेवेचा पुडा घेऊन. सुगंधाताईंनी देवापुढे साखर ठेवली. पायांचा शॉटच कापला असला तर? चाळीस वर्षांचा शब्द खोटा ठरायचा, तोही सुनंदासमोर.

पाय आले.

"पाय काय, कुणाचेही असतील," सुनंदा शेव चघळत म्हणाली.

"श्वेता, मागे घे गं. हां, थांबव. आता मोठं कर."

देशातल्या सर्वांत खतरनाक हेराच्या दोन्ही पायांत जोडवी लखलखत होती.

सुनंदाने शेवेचा पुडा खाली ठेवला.

"काढ म्हणाले होते," सुगंधाताई म्हणाल्या. "मी म्हटलं, सवाष्ण आहे, जोडवी नाही काढणार. मग त्यांनी वरून बूटपॉलिश फासलं. पण पत्रा इतका तापलेला, चार पावलांत पॉलिश वितळून गेलं. पुन्हा काढायला फिल्म उरली नव्हती. डायरेक्टरसाहेब म्हणाले, रात्रीचा सीन आहे, कोण बघतंय."

श्वेता हसून हसून सोफ्यावरून खाली आली.

"हे कधी बोलला नाहीत ते?" सुनंदाने विचारलं.

"तुला पाय पटत नव्हते, जोडवी कुठून पटणार?"

तो शॉट अकरा वेळा पाहून झाला. मग सुनंदाच हळूच म्हणाली, "वहिनी, चालून दाखवा ना."

सुगंधाताईंनी पदर खोचला आणि देवघरापासून गॅलरीकडे चवड्यांवर निघाल्या. मागून सुनंदा, तश्शीच. वाटेत पलंगावर जयवंतभाऊ घोरत होते.

"हळू," सुगंधाताई कुजबुजल्या. "शत्रू जागा होईल."