केबिनकाकांच्या सहा खिडक्या

कुठल्याही इमारतीत शिरण्याआधी केबिनकाका तिला बाहेरून एक पूर्ण चक्कर मारत. कुणाच्या नव्या घराची वास्तुशांत असली, तरी यजमान दारात ताटकळत उभे आणि काका मागे जाऊन पन्हळी तपासतायत. "पुढची बाजू लोकांना दाखवायची असते रे, पाणी मागून मुरतं," म्हणायचे. जर्मनीत झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात ते माझे वरिष्ठ. २०१३ साली मी तिथे नवखा म्हणून गेलो आणि त्यांच्या तावडीत सापडलो.

त्यांचा जीव जडला होता ब्योब्लिंगेनच्या पुढे, एका लहानशा स्टेशनाजवळ बंद पडलेल्या सिग्नल केबिनवर. त्यांचे वडील भुसावळकडे केबिनमन होते. वडिलांची केबिन व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, काका शाळेत असतानाच पाडलेली. ही कैसरच्या काळातली. खाली विटांचा मजला, सिग्नलच्या तारा बाहेर पडायला त्यात बुटक्या कमानी. वर तीन बाजूंनी काचांची लाकडी खोली, रुळांकडे हातभर पुढे आलेली, आतल्या माणसाला जागचं न उठता दोन्हीकडची गाडी दिसावी म्हणून. "राणी काय नि कैसर काय, केबिनमनच्या मानेचा विचार दोघांच्याही माणसांनी केला," काका म्हणत. दर शनिवारी ते मला टेप धरायला तिथे नेत. काकू वैतागून म्हणायच्या, "अहो, आता तिथेच अंथरूण टाका."

केबिन पाडायचं ठरलं होतं. आशा एकच, डेंकमालशुट्सची, म्हणजे वारसा म्हणून संरक्षण मिळण्याची. काकांनी अर्ज केला आणि पाहणीला एक बाई येणार असं पत्र आलं. झालं. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर रंगवून काढतो, तेच आम्ही केलं. काकांनी पंधरा दिवसांची रजा टाकली, केबिनची देखरेख करणाऱ्या मंडळाकडून किल्ली आणली, कुजलेल्या सहाही खिडक्या चौकटींसकट काढल्या आणि नव्याकोऱ्या बसवल्या. रंगाचा डबा मी धरला होता. "आता नाही म्हणायची कुणाची छाती आहे, बघू," काका म्हणाले.

बाई वर आल्या, सगळीकडे फिरल्या. "आल्झो, तर मग जुन्या खिडक्या कुठे आहेत?"

"टाकून दिल्या. पार कुजल्या होत्या," काका अभिमानाने म्हणाले.

बाईंनी वही मिटली. त्या खिडक्यांसाठीच त्या आल्या होत्या. तशा खिडक्या त्या भागात दुसरीकडे कुठेच उरल्या नव्हत्या. काकांना हे उमगायला मिनिटभर लागलं, आणि मग ते जिन्यावरून धावत सुटले. गावाच्या भंगार-आवारातला लाकडांचा ढीग ते दोन तास उपसत होते. हात रक्ताळले. तिथला माणूस परत परत सांगत होता, की त्या दिवसांतल्या लाकडाचा केव्हाच भुगा झाला. "एक तरी असेल रे, एक तरी," काका माझ्याकडे न बघता म्हणत होते. मला त्यांची दया आली आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

नकार आला. काकांनी विनवण्या करून पत्रं लिहिली, पुन्हा अर्ज केला, जेवणावरचं मन उडालं. कशाचाही उपयोग झाला नाही.

पाडायच्या दिवशी आम्ही दोघं कुंपणापाशी उभे होतो. यंत्राने छप्पर उचललं, विटांच्या भिंती मुकाट्याने खाली बसल्या. दोन खिडक्या मजुरांनी आधीच उतरवून बाजूला टेकवल्या होत्या, काचेला ओरखडासुद्धा नव्हता. काका हलत नाहीत हे पाहून मुकादम जवळ आला. चांगला माणूस होता. म्हणाला, "अगदी नव्या आहेत. हव्या असतील तर घेऊन जा."

"नाईन, नको," काका म्हणाले. "आम्हाला जुन्या हव्या होत्या."