मामाजी आणि थर्माकोलचा डबा

माझ्या मामेसासऱ्यांच्या हातून आजवर एकही वस्तू एकटी कुठे गेलेली नाही, हे मी कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. माणूस एकटा गेला तर त्यांना फारशी काळजी नसते. माणसाला तोंड असतं, तो रस्ता विचारू शकतो. वस्तूला सोबत हवी. त्यांच्या गावात, किन्हीराजात, दळण टाकलं की मामाजी चक्कीवर उभे राहणार, पीठ पडतं तिथे हात धरणार आणि आपल्याच गव्हाचं पीठ पडतंय याची खात्री करूनच हलणार. घरी येताना मिशीपासून भुवयांपर्यंत पांढरे. शर्ट शिवायला टाकला तर शिंप्यासमोरच्या स्टुलावर काज-बटण होईपर्यंत बसणार. त्या बिचाऱ्याला त्यांच्या नजरेखाली एक टाका सरळ घालता यायचा नाही, म्हणून पुढे पुढे तो गावातल्या नवरदेवाचा कोटही बाजूला सारून आधी मामाजींचा शर्ट हातावेगळा करायला लागला. एकदा त्यांनी आमच्यासाठी एसटीतून तुरीची डाळ पाठवली. पिशवी रीतसर कंडक्टरच्या हवाली केली, आणि मग त्याच बसमध्ये चढून पिशवीच्या शेजारच्या सीटवर बसून वाशीमला आले. घरी येऊन मला विचारलं, "पोचली ना डाळ?"

"मामाजी, तुम्ही येणारच होता, तर मग कंडक्टरकडे कशाला दिली?" मी म्हणालो.

"जबाबदारी त्याची, जवाईबापू. नजर माही!"

जिल्हा परिषदेच्या शाळेत ते गणित शिकवायचे. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे जीपमधून निघाले की मामाजी त्या गठ्ठ्यांवर बसलेले असायचे. निवडणुकीच्या ड्यूटीवर मतदानयंत्र जमा केल्यावर सगळे गुरुजी पाठ दुखते म्हणत घराकडे पळाले, पण हे गोदामाच्या दाराशी सतरंजी पसरायला लागले. साहेबांनी हात जोडून घरी जायला सांगितलं, तर म्हणाले, "लोकशाही हाय साहेब, शेंगदान्याचं पोतं नाई." शेवटी पोलिसांनी त्यांना चहा पाजून, कुलूप दोनदा ओढून दाखवून बसमध्ये बसवलं. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी त्यांच्या निष्ठेचं कौतुक केलं. त्यातले निम्मे लोक सुटकेच्या आनंदाने बोलत होते, असं मला आपलं वाटलं.

असा हा माणूस मस्कतला जायला निघाला, आणि तेही कोरोनाच्या दिवसांत. त्यांची एकुलती एक मुलगी, प्रज्ञा, नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे राहायची. पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले, त्यात रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठू नको म्हणून बजावलं होतं. तिच्या सासूबाई इकडे अंथरुणाला खिळलेल्या. आणि आई, म्हणजे आमच्या मामी, दुसऱ्या लाटेत गेलेल्या. "आई नाई तर बाप जाईन," मामाजींनी जाहीर केलं आणि डिंकाचे लाडू वळायला शिकले. पण विमानात चढायचं तर उड्डाणाच्या आधीच्या बहात्तर तासांतला निगेटिव्ह रिपोर्ट हवा होता. तपासणी फार आधी केली तर शिळी, उशिरा केली तर रिपोर्ट हातात यायच्या आत विमान आकाशात. वाशीमला घेतलेला नमुना अकोल्याच्या लॅबमध्ये जायचा, आणि मुंबईची गाडीही अकोल्याहूनच होती. पुढचं विमान मिळायला किती दिवस लागतील ते कोणी सांगेना, आणि प्रज्ञाचं बाळ काही विमान कंपनीला विचारून येणार नव्हतं.

मी वाशीमच्या कॉलेजात कारकून. त्यामुळे ऑनलाइन जे जे काही असेल ते आमच्या खानदानात माझ्या गळ्यात पडतं. मी मामाजींना मोटारसायकलवर घेऊन नमुना घ्यायच्या केंद्रावर गेलो. काउंटरवरच्या पोराने पासपोर्ट मागितला. मामाजींनी तो बंडीच्या आतल्या खिशात ठेवला होता आणि खिशाला वरून सेफ्टी पिन लावली होती. "पासपोर्ट कोनाच्या हातात देत नसते मी. नंबर पाठ हाय, लेहा." त्यांनी पाढे म्हणावेत तशा खणखणीत आवाजात नंबर सांगितला. पोराने लिहून घेतला, नाकात काडी घातली, आणि मामाजींचे डोळे पुसून होतात न होतात तोच त्यांनी विचारलं, "हे आता कोन्या गाडीत जाईन?"

"पांढरी व्हॅन आहे काका. थर्माकोलच्या डब्यात जाते. रिपोर्ट मोबाइलवर येईल."

आम्ही बाहेर आलो तर समोर पांढरी व्हॅन आणि एक माणूस तिच्यात थर्माकोलचा डबा ठेवतोय! मामाजी मोटारसायकलवर मागे बसलेसुद्धा. "जवाईबापू, किक मारा."

गावाबाहेर पडल्यावर व्हॅन मालेगावकडे वळायची सोडून मंगरूळपीरच्या रस्त्याला लागली. मी ओरडून म्हणालो, "मामाजी, अकोल्याचा रस्ता हा नव्हे!" तर मागून आवाज आला, "डायवर रोज जाते. त्याले तुमच्याहून जास्त समजते. चाला." मी गाडी हाणत राहिलो. व्हॅन वेग वाढवायची, आम्हीही वाढवायचो. तिने मंगरूळपीर ओलांडलं, मानोऱ्याचा रस्ता धरला, आणि शेवटी एका तांड्याजवळ, लांबलचक पत्र्याच्या शेडपुढे उभी राहिली. ड्रायव्हर घामाघूम होऊन उतरला आणि त्याने आमच्यापुढे हातच जोडले. "साहेब, कागदं सारे हायेत माह्याजवळ. कायले माह्यामांगं लागले?"

"आमचा नमुना कुठं हाय?" मामाजींनी दरडावलं.

"कोनता नमुना? हे कोंबड्यायची लस हाय ना जी!"

शेडमधून हजारभर कोंबड्या एकदम ओरडल्या. लसीची गाडी केंद्राशेजारच्या औषधांच्या दुकानापुढे उभी होती, आणि आम्ही तिच्या मागे अर्धा जिल्हा तुडवला होता. मला रडावं की हसावं ते कळेना. मामाजी मात्र यत्किंचितही ओशाळले नाहीत. त्यांनी ड्रायव्हरला डबा सावलीत ठेवायला सांगितलं, मला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "मंग आपला गेला असन अकोल्याले. चाला."

आता मी वैतागलो. "मामाजी, रिपोर्ट फोनवर येतो हो! तिथे जाऊन काय करणार आपण?" पण ते गाडीवर बसलेलेच होते. परत मंगरूळपीर, तिथून बार्शीटाकळी, अकोला. कंबरेचा काटा ढिला झाला. दुपार कलताना लॅब गाठली. काउंटरवरच्या मुलीने नाव ऐकलं आणि ती खुर्चीतून उठलीच. "काका, किती फोन लावले तुम्हाला! पासपोर्टच्या नंबरात एक आकडा कमी आहे. माहिती पुरी नाही म्हणून तुमचा नमुना बाजूला ठेवलाय."

मामाजींनी फोन बंद ठेवला होता. काम नसताना चालू ठेवला तर बॅटरी वाया जाते, असं त्यांचं मत. त्यांनी बंडीची सेफ्टी पिन काढली आणि पासपोर्ट उघडून काचेला चिकटवून धरला. हातात दिला नाहीच. मुलीने काचेतून वाचून नंबर दुरुस्त केला. "बरं झालं आलात. आजच्या खेपेत लागेल आता. उद्या लागला असता, तर तुमचं विमान गेलंच होतं."

मी मामाजींकडे पाहिलं. गणिताच्या मास्तरने स्वतःचाच एक आकडा खाल्ला होता, पण चेहऱ्यावर असं तेज की जणू लॅबचीच चूक त्यांनी पकडली. "पाह्यलं?" ते म्हणाले. "म्हनून मांगं जा लागते."

रिपोर्ट सकाळी मिळणार होता. मी म्हणालो, आता तरी इथे अकोल्यात राहणाऱ्या माझ्या भावाकडे जाऊन आडवे होऊ. मामाजी लॅबच्या पायरीवर बसून राहिले. "तुमी जा. मी बसतो." मग मात्र माझा पारा चढला. तुम्ही बसल्याने मशीन काही लवकर फिरणार नाही, असं मी जरा जोरातच बोललो.

ते रागावले नाहीत. पायरीवर हात फिरवत म्हणाले, "जवाईबापू, तुमच्या मामीले गाडीत टाकलं ना, तवा मीबी मांगं निंगालो होतो. त्या पोट्ट्याइनं म्हटलं, तुमी बी पॉझिटिव्ह हा, घरी थांबा. मी थांबलो. जिंदगीत एकदाच थांबलो." मीही त्यांच्याजवळ पायरीवर बसलो. समोर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं, आणि लॅबचा वॉचमन आम्हाला उठवावं की नाही याचा विचार करत होता. त्या माणसाची मी वर्षानुवर्षं थट्टा केली आणि पुढेही करणार आहे, पण त्या संध्याकाळी मला त्यांच्यावर फार माया आली.

सकाळी रिपोर्ट आला. निगेटिव्ह. मोबाइलवर आला, तरी मामाजींनी छापील प्रत घेतली आणि तीही बंडीत पिनेखाली गेली. मी मुंबईपर्यंत येतो म्हणालो, तर ते हसले. "मी काय डाळीची पिशवी हाव?" माझी बायको वाशीमहून त्यांचं सामान घेऊन आली होती. गाडी हलली तेव्हा लाडवांचा डबा मांडीवर घेऊन ते ऐटीत बसले होते. मला हात करायलाही विसरले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, आमचं जेवण चाललं असताना, मस्कतहून फोन आला. मी उष्ट्या हातानेच उचलला. पलीकडे मामाजी, पण आवाज ओळखू येईना.

"जवाईबापू, बीपी लय वाढला होता प्रज्ञाचा. घाईनं आत नेलं तिले. मी निंगालो मांगं, तर नर्सबाईनं दारात हात आडवा केला. थांबा म्हने."

"मग?"

"मंग थांबलो."

माझी बायको ताटावरून उठून माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"मामाजी, मग काय झालं?"

"मंग काय," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना हुंदका आला. "आली ना बापा, वापस आली. दोघी आल्या."