नावेत चढायचे राहिले

२१ नोव्हेंबर, सकाळचे नऊ. दानियल, त्याची पत्नी सुशीलावहिनी आणि मी रिक्षाने गंगापूर धरणाकडे निघालो. त्याच रात्री दानियल झोपेतच वारला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

दानियलने आयुष्यभर पाद्री होऊ पाहणाऱ्या मुलांना लॅटिन शिकवले. मी शाळेत मराठी. निवृत्तीनंतर आम्ही त्या मुलांसाठी लॅटिन-मराठी शब्दकोश करीत होतो. त्याचा नियम असा, की क्रियापदाचा जो अर्थ आपण डोळ्यांनी पाहिला नाही, तो कोशात घालायचा नाही. आणि उदाहरणाचे प्रत्येक वाक्य स्वयंपाकघरात जाऊन वहिनींना वाचून दाखवायचे. त्या हसल्या, तर वाक्य रद्द. माझी बरीच वाक्ये त्या ओट्यापाशी संपली.

'कोन्शेंदेरे' या शब्दापाशी आम्ही अडलो. डोंगर चढणे, घोड्यावर चढणे, जहाजात चढणे, सगळ्याला हे एकच क्रियापद. जहाजाचे नाव न घेता रोमन माणूस नुसते 'चढलो' म्हणाला, तरी ऐकणाऱ्याला बंदर दिसत असे... डोंगरासाठी दानियल पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून आला. घोड्यासाठी तो एका वरातीत घुसला आणि नवरदेवाच्या मामाला विचारू लागला, "तुमच्यात नवरदेव घोड्यावर चढतो म्हणतात, की बसतो?" बँडच्या आवाजात मामा ओरडला, "आजोबा, आधी चढू तर द्या, मग बसंल!"

राहिले जहाज. नाशकात जहाज कुठले? धरणावरची नाव चालेल, असे ठरले. मी तोवर 'नौकारोहण करणे' असा अर्थ सुचवून ठेवला. तो ऐकून वहिनी इतक्या हसल्या, की तव्यावरची पोळी करपली. त्या हिवाळ्यात जायचे राहिले. पुढच्या हिवाळ्यात माझ्या डोळ्याचे ऑपरेशन निघाले, मागोमाग त्याच्या हृदयाचे. वेळ आहे, असे आम्ही दोघेही फार म्हणालो. अखेर निघालो, तेव्हा तो घराचा उंबरठाही भिंतीला धरून ओलांडत होता.

काठाशी नाव हलत होती. दानियलने पाय उचलला आणि परत खाली ठेवला. नावाडी म्हणाला, "टाका पाय बाबा, काय नाय व्हत. मी धरतो ना." त्याने पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. मग तो बाजूला झाला.

मी म्हणालो, "पाहिले म्हणजे झाले. नियम तुझाच आहे."

"कोणाला पाहिले, मास्तर? नाव रिकामी आहे."

तेव्हा वहिनींनी पदर खोचला. "सरका तुम्ही दोघं," म्हणाल्या, आणि नावाड्याचा हात धरून चढल्या. उतरताना त्यांचा एक पाय घोट्यापर्यंत पाण्यात गेला. लागले का, हे दानियलने विचारले नाही.

"चढताना काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? 'धर रे बाबा, चढते मी.' आणि त्याला म्हणाले हं, तुम्हाला नव्हे. तुम्ही काय धरणार!"

तो हसला. मी त्याला त्यानंतर हसताना पाहिले नाही. परतीच्या वाटेवर तो बाहेर बघत बसला होता. त्याला स्वतः चढायचे होते. एवढी एकच गोष्ट त्याने माझ्यापाशी कधी मागितली असेल, आणि तिला उशीर झाला. कोश निम्म्यावर आहे. माझे लॅटिन बेताचे. तो माझ्या हातून पुरा होणार नाही.

घरी आल्यावर त्याने वहिनींचे तेच वाक्य लिहिले आणि ओट्यापाशी जाऊन वाचून दाखवले. वहिनी हसल्या नाहीत. "असंच बोलतात," एवढेच म्हणाल्या.

मी निघालो, तेव्हा दानियल गॅलरीत एका हाताने गज धरून वाकला होता आणि वहिनींची ओली चप्पल उन्हात भिंतीशी तिरपी टेकवून ठेवत होता.