कापलेली नळी

आकारामनं दुरुस्त केलेली बंदूक पुन्हा दुसऱ्या कारागिराकडं न्यावी लागत नाही, असं कोल्हापुरात बोललं जाई. राजारामपुरीच्या एका बोळात त्याचं परवान्याचं दुकान होतं. माणूस अबोल, पण बंदुकीचा विषय निघाला की त्याची जीभ सुटायची.

अडुसष्ट साली, भातं पोटरीत असताना, शाहूवाडीकडचे सयाजीराव आपली दुनळी घेऊन आले. रानडुकरामागं धावताना नळीत चिखल शिरला होता. तसाच बार टाकल्यानं डाव्या नळीचं तोंड फाटलं होतं. आकारामची धाकटी बहीण तानाबाई त्यांच्याच गावात दिलेली. तिचा नवरा कृष्णात सयाजीरावांचीच जमीन कसायचा आणि शिकारीला हाक्यात, जनावर उठवायला, उभा राहायचा.

"दोन्ही नळ्या तीन-तीन इंच कापाव्या लागतील, मालक. पर मग चोक जाणार."

"चोक म्हंजे?"

"नळीचं तोंड आतनं जरा आवळलेलं असतंय. त्येनं छर्रं एका जागी ऱ्हात्यात. त्येच कापलं की छर्रं पांगणार."

"बार उडतोय न्हवं? मग काप की!"

आकारामनं नळ्या कापल्या, पण बंदूक तशी हातात दिली नाही. मालकांना गावाबाहेर ओढ्यावर नेलं, दरडीला मोठा कागद लावला आणि चाळीस पावलांवरून बार काढला. चार नंबरचे बारीक छर्रे मूठभर जोंधळे भिरकावल्यागत विखुरले. मग नवा कागद लावून डुकराचं एल.जी. काडतूस घातलं. त्यात मोठे छर्रे सहाच. कागदावर दोन लागले.

"बाकीचं चार कुठं गेलं?" सयाजीरावांनी विचारलं.

"त्येच तर सांगतोय. कुठं गेलं त्ये कुणालाच ठावं न्हाय." मग वीस पावलांवरून सहाही छर्रे कागदात बसवून दाखवले. "ह्या वीस पावलांच्या पल्याड एल.जी. टाकू नका. आन् आजूबाजूला माणूस असंल तर घोड्याला बोट बी लावू नका."

सयाजीराव हसले. "आमच्या आज्यापासनं शिकार हाय घरात. तू शिकवणार व्हय?"

पंधरा दिवसांनी हाका झाला. डुक्कर पन्नास पावलांवर निघालं आणि सयाजीरावांनी एल.जी.चा बार टाकला. डुक्कर गेलं निसटून. पांगलेला एक छर्रा चाटून बाजूच्या बांधावर उभ्या कृष्णाताचा उजवा डोळा गेला.

चौकशी लागली. कारागिरानं बंदूक बिघडवली, असं सयाजीरावांनी लिहून दिलं. आकाराम ओढ्यावरचे, अंतर लिहून ठेवलेले कागद काखोटीला मारून हजर झाला. एकेक भोक दाखवत तो सांगत राहिला. चौकशीच्या साहेबांनी एक कागद उलटसुलट केला.

"अंतर कुणी लिहिलंय?"

"म्याच, साहेब."

"मग झालं तर. तुझा तूच साक्षीदार."

आता कृष्णाताच्या जबाबावरच सगळं होतं. आदल्या दिवशी तानाबाई दुकानात आली. पायरीवर बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"दादा, उद्या ह्ये बंदुकीचाच दोष सांगणार हाईत."

"ताने, त्येंचा डोळा कुणी घेतला ठावं हाय न्हवं तुला?"

"ठावं हाय की. पर जमीन कुणाची त्ये बी ठावं हाय. तू शेरात हाईस, काय बी करशील. आमी कुठं जायाचं?"

दुसऱ्या दिवशी आकाराम कागद घरीच ठेवून आला. कृष्णात डोळ्यावर पट्टी बांधून खाली बघत बोलला, अंगठा दिला आणि मेहुण्याच्या अंगावरून निघून गेला. महिन्याभरात आकारामचा परवाना रद्द झाला. पंचवीस वर्षं बंदुका जोखलेला माणूस एका कारखान्यात ऑइल इंजिनचे भाग घासायला लागला.

पुढच्या दसऱ्याला तानाबाई सोनं द्यायला आली. जाताना उंबऱ्यात घुटमळली.

"मालकांनी नवी बंदूक घेतलीया. गुपचूप येऊन बघून जा म्हणत्यात. दुसऱ्या कुणावर भरवसा न्हाय त्येंचा."

 तोंडात आलेली शिवी आकारामनं गिळली.

"दाजी अजून हाक्याला जात्यात?"

"जात्यात की. न जाऊन करत्यात काय?"

रविवारी तो शाहूवाडीच्या गाडीत बसला. सयाजीरावांच्या परड्यात त्यानं कागद लावला, पावलं मोजली, दोन्ही नळ्यांनी बार काढले. कुठवर बार टाकायचा ते अंतर सांगितलं. सयाजीरावांनी नुसती मान हलवली आणि बंदूक आत नेली. कृष्णात गोठ्यापाशी वैरण टाकत होता. त्यानं या बाजूला मान वळवली नाही, आणि आकारामनंही हाक मारली नाही.