शिट्टी थांबली तेव्हा

काल दुपारी वीज गेली, पंखा थांबला आणि घर एकदम गप्प झालं. मी हातातलं काम टाकून उठले.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी नाशिकला मुलांच्या वॉर्डात मी नवी नर्स होते. लासलगावच्या छोट्या सुमनच्या छातीतली दम्याची शिट्टी सकाळपासून साऱ्या वॉर्डाला ऐकू येत होती. दुपारी ती अचानक थांबली.

"पोरीला लय आराम पडला, सिस्टर," तिची आई म्हणाली. मीही कागदावर ‘आराम’ लिहिलं. तो शब्द मला अजून दिसतो.

ती शांतता ऐकून मोठ्या सिस्टर व्हरांड्यातून धावत आल्या. "अगं, आवाज होण्याइतकीही हवा आत जात नाहीये."

सुमनची नखं निळी पडली होती.

इंजेक्शननंतर शिट्टी पुन्हा वाजू लागली. आई घाबरून रडायला लागली. मोठ्या सिस्टर मात्र डोळे मिटून ती शिट्टी ऐकत राहिल्या.