चढावरचा डॉक्टर

चारकोपच्या बागेत दर गुरुवारी फेऱ्या मारताना मला ती त्याच बाकावर दिसायची. नाव कधी विचारलं नाही. मांडीवर रिपोर्टांची फाइल, हातात फोन. फोनवर एका चौकोनात डॉक्टर, दुसऱ्यात मालवणजवळच्या गावातली तिची आई. आईचं हृदय थकलेलं, गावात डॉक्टर नाही आणि नेटवर्क फक्त देवळामागच्या टेकडीवर. आई धापा टाकत पडद्यावर यायची. ही पदराने स्वतःचाच घाम टिपायची.

"आजींना चढ अजिबात नको," एका गुरुवारी डॉक्टरांनी बजावलं.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "चढू नको सांगतात, आणि दिसतात चढावरच! आयेक काय सांगू, ताई?"

मला यादी केल्याशिवाय राहवत नाही. तिथेच लिहून दिली. पहिलंच कलम: आईला खुर्चीतून वर न्यायला चार माणसं.

ती हसली. "चार माणसा खयची? गावातली सगळी हय चारकोपात इली!"

तरी कागद घडी घालून फाइलीत ठेवला.

पुढच्या गुरुवारी दुसरा चौकोन काळाच होता. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे जायच्या घाईत होते.

"थांबा, डॉक्टर," ती म्हणत होती. "चढत असेल."

मी फेऱ्या सोडून तिच्याशेजारी बसले.