नाईकबाईंची मे महिन्याची सुट्टी

सुट्टीला जाऊन आलेल्या लोकांकडे फोटो जमतात. आमच्या स्टाफरूममध्ये किस्से जमले, कारण आमच्यातलं कोणी धडपणे सुट्टीला जायचंच नाही. बेत मात्र दर वर्षी व्हायचे. ऐंशीच्या दशकात मी कट्टा गावातल्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवत होते आणि छातीठोकपणे सांगते, बेत आखण्यात आमच्या स्टाफचा हात धरणारं अख्ख्या मालवण तालुक्यात कोणी नव्हतं. आजही आम्ही दोघं-तिघं कुठे भेटलो की चहा निवायच्या आत एक किस्सा निघतोच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कोकणात राहणाऱ्याला सुट्टी कशाला हवी? समुद्र आहे, आंबे आहेत, बसा मजेत. अहो, तोच तर घोळ आहे! मे महिना लागला की मुंबईचे चाकरमानी गावी येणार. रेल्वे तेव्हा फक्त भाषणांत धावायची, तरी एस.टी.च्या टपावर ट्रंका चढवून सगळे यायचेच. त्यांची सुट्टी म्हणजे आमची ड्यूटी. आंबे उतरवा, काजू भाजा, फणस फोडा, पावसाळ्याची लाकडं भरा आणि वर घरभर पाहुण्यांना दोन वेळा जेवू घाला.

जूनमध्ये शाळा उघडली की आमचे हेडसर पंख्याखालच्या खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चला, सुट्टी संपली एकदाची. आता जरा आराम."

*

एकदा दिवाळीत आम्ही सगळे महाबळेश्वरला गेलो. सगळे म्हणजे नाईकबाई सोडून. त्यांच्याकडे मी येतेच.

हेडसर प्रत्येक पॉइंटवर कठड्याला टेकून दरीकडे बघायचे. लोक आ वासून बघताहेत, कॅमेरे काढताहेत, आणि सर मान हलवून म्हणणार, "बरा आसा. पण खाली समुद्र व्हयो होतो." एवढा डोंगर बिचाऱ्या देवाने उभा केला, त्याला आमच्या सरांनी दर वेळी पस्तीस मार्कांवर पास केलं.

पण खरी शान राखली ती कुबल सरांनी. ते आमचे पी.टी.चे शिक्षक, मूळचे देवबागचे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या वाळूच्या पट्टीवर घर. चालायला शिकायच्या आधी त्यांनी वल्हं धरलं असावं. तलावावर आम्ही होडीत बसलो आणि नावाडी वल्हवायला लागला तसे सर चुळबुळ करायला लागले. थोडा वेळ सोसलं त्यांनी. मग उठले आणि म्हणाले, "जरा सरकतस?"

पुढची सगळी संध्याकाळ सर वल्हवत होते. होडी अशी सरसर जायची, की काठावरचे लोक बाकीच्या होड्या सोडून सरांच्याच होडीसाठी थांबायला लागले. आमची मंडळी कधीच उतरली होती. नावाडी काठावर बसून बिडी ओढत होता. दिवस मावळल्यावर तो जवळ आला आणि अदबीने म्हणाला, "मामा, उद्या किती वाजता येताय?"

कुबल सर हे सांगताना अजून मिशीवर हात फिरवतात. आणि आम्ही ऐकताना अजून तेवढेच फुगतो.

*

सावंत सर भूगोल शिकवायचे. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की सुट्टीचं नीट नियोजन केलं तर मनावरचा ताण उतरतो. झालं! आंबोलीला बायकोला घेऊन जाताना त्यांनी शाळेसारखं टाइमटेबल केलं आणि रूमच्या दारावर चिकटवलं. चहा, फिरणं, आंघोळ, जेवण, निसर्ग. दुपारच्या चहानंतरच्या तासाला लिहिलं होतं, 'गंमत'.

गमतीचा तास आला तेव्हा सर घोरत होते. सावंतवहिनी साडी बदलून, पावडर लावून दारात उभ्या. त्यांनी थोडी वाट बघितली, मग नवऱ्याला हलवून विचारलं, "सर झोपले. आता ह्या तासाक बदली कोण येतलो?"

हा किस्सा वहिनींनी स्वतः स्टाफरूममध्ये येऊन सांगितला, सर समोर बसलेले असताना.

*

आता नाईकबाई. आमच्या गणिताच्या बाई, आणि शाळेचं टाइमटेबल त्यांच्या हातचं. एवढे वर्ग, एवढेसे शिक्षक, पण एकाला एका वेळी दोन वर्गांत उभं करण्याची चूक त्यांच्याकडून कधी झाली नाही. आजूबाजूच्या शाळांचे हेडमास्तर आपापले गुंते घेऊन त्यांच्याकडे यायचे. बाई पेन्सिल कानावर अडकवून कागद बघायच्या आणि म्हणायच्या, "चित्रकला उचला, सगळं बसेल." आणि बसायचं. आम्हाला त्यांचा केवढा अभिमान!

अशी ही बाई. सगळ्या तालुक्याच्या तासांची सोय लावणारी. पण स्वतःसाठी मे महिन्यात चार दिवस काही काढू शकली नाही.

आडवा यायचा तो कौल. त्यांच्या घरात काही नवीन करायचं तर देवळात कौल लावायची पद्धत. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. बाईंनी कुठे जायचं म्हटलं, की सासूबाई देवळात जाऊन विचारणार, "मे म्हयन्यात घरची सून घर सोडून गेली, तर ता घराक बरा आसा काय?" आणि डावी पाकळी पडणार.

देवाला तरी काय बोलायचं? जसा प्रश्न तसं उत्तर. परीक्षेत आम्ही दुसरं काय करत होतो?

एका जूनमध्ये शाळेच्या पहिल्याच दिवशी बाई टेबलावर डोकं ठेवून झोपल्या. हाताला पोळल्याचा डाग, बोटं काजूच्या चिकाने काळी पडलेली. तास सुरू झाला तरी त्यांना जाग येईना. हेडसर दारात आले, उभे राहिले आणि मागे वळून शिपायाला म्हणाले, "पुढची घंटा जरा हळू मार रे." मग बाईंच्या वर्गावर स्वतः गेले. गणित त्यांना कधीच येत नव्हतं. तासभर पोरांना महाबळेश्वर सांगत बसले.

त्या दिवशी मला रडू आलं आणि रागही आला. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, "पुढच्या मेमध्ये बाईंना सुट्टी मिळाली नाही, तर आपण कसले बेत आखणारे?"

कुबल सर म्हणाले, "आमच्या घराक येवा. देवबागाक. नियोजन बियोजन काय नको."

*

पुढचा मे आला. बाईंच्या घरी चाकरमानी भरले. सासूबाई देवळात निघाल्या तशा बाई म्हणाल्या, "आये, औंदा गाऱ्हाणा काय घालूचा ता मी सांगतंय." सासूबाईंना त्यात वावगं काही वाटलं नाही. मी सोबतीला होते. सगळं घर मागे हात जोडून उभं.

बाईंनी सांगितलं तसं गुरवाने सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या घरात कर्ते झील आसत!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. गाऱ्हाण्याला तसं म्हणायचंच असतं.

"हुशार सुनो आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबयसून इलेली शिकली-सवरली माणसां आसत!"

"व्हय म्हाराजा!" हा आवाज जरा जास्तच मोठा आला.

"थोरली सून चार दिस घरात नसली, तर ही सगळी मिळान घर चलवक समर्थ आसत काय? समर्थ आसत तर उजवो कौल दी!"

"व्हय म्हा..." म्हणता म्हणता कोणाच्या तरी लक्षात आलं. पण बाकीच्यांचं म्हणून झालं होतं.

पाकळी बराच वेळ पडेना. मी शास्त्राची शिक्षिका, तरी पदराचं टोक मुठीत धरून उभी होते. सासूबाई देवाकडे बघत होत्या आणि बाई पायाच्या अंगठ्याकडे.

उजवी पडली.

आता बोलणार काय? समर्थ नाही म्हणावं, तर देवाला खोटं पाडल्यासारखं. मुंबईच्या भावजींनी तर तिथल्या तिथे छाती पुढे काढली आणि म्हणाले, "वयनी, तुमी बिनधास्त जावा. मुंबयत आमी काय उपाशी ऱ्हवतव?"

*

देवबागला पहिला दिवस बाई नुसत्या झोपल्या. कुबल सरांची आई हळूच येऊन अंगावर चादर टाकून गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी हातातलं घड्याळ काढून पिशवीत ठेवलं आणि माडाच्या सावलीत पाय पसरून बसल्या. हेडसर नारळ खवत होते, सावंत सर चूल फुंकत होते. बाई मधूनच म्हणायच्या, "सर, धूर तुमच्याकडे नाही, पलीकडे जायला हवा." आम्ही त्यांना पळीला हात लावू दिला नाही. त्यांना असं हसताना मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं. कितीही बेत फसले असतील आमचे, हा एक असा जमला, की म्हातारपणाला पुरेल.

दुपारी पानावर बसतोय, तेवढ्यात वाळूतून एक माणूस येताना दिसला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट एका हातात, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला डबा. भावजी!

अंगणात आले, डबा बाईंच्या पुढ्यात ठेवला आणि घाम पुसत म्हणाले, "आयेन धाडल्यान. काल धरून आमटी कोणाक जमणा नाय. सगळ्यांनी करून बगली. काय कमी पडता ता तेवढा चाखून सांगा." मग दुसरीकडे बघत म्हणाले, "नायतर तुमीच चला, वयनी. सांजची गाडी आसा."

आमचे सगळ्यांचे हात पानावरच थांबले. बाई या माणसांना नाही म्हणू शकत नाहीत, हे आम्हाला माहीत होतं. भावजींचा आणखी एक शब्द, आणि त्या उठून पिशवी भरणार.

डबा उघडला. सावंत सरांना राहवलं नाही. त्यांनी बोट बुडवून चाखलं आणि माझ्याकडे बघितलं. मीही चाखलं. आमटीत मीठच नव्हतं.

बाईंनी वाटीत थोडी आमटी घेतली. सावकाश प्याल्या. भावजी वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत होते, निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसे.

बाईंनी पदराने ओठ पुसले.

"काय्येक कमी नाय, भावजी," त्या म्हणाल्या. "देवान उजवो कौल उगाच दिल्यान काय?"

आणि डबा पुन्हा फडक्यात घट्ट बांधून त्यांच्या हातात दिला.